यादीत नसलेली वाडी

दर वर्षी मे महिना सरत आला, की जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्यांत मान्सूनपूर्व तयारीच्या बैठका सुरू होतात. नदीकाठची गावे कोणती, दरडीच्या तोंडची गावे कोणती, होड्या किती, पट्टीचे पोहणारे किती, कोणत्या शाळेत किती माणसे हलवता येतील, याचे तक्ते तयार होतात. ते तहसीलदारांकडून मंडल अधिकाऱ्यांकडे आणि तिथून तलाठी व पोलीसपाटलांपर्यंत पोहोचतात. पाऊस कोसळू लागला, की याच तक्त्यांवर बोट ठेवून कामे चालतात. यादीत नाव असलेल्या गावाला नोटीस जाते, कोणीतरी फेरी मारून येतो, रात्री-अपरात्री फोन होतो. ज्या गावाचे नाव यादीत नाही, तिथे जायला कोणाला सवडही नसते आणि कारणही नसते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री अकराच्या सुमारास रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. इर्शाळगडाच्या कुशीतली ही ठाकरांची वाडी; चाळीस-पन्नास घरे, सव्वादोनशेच्या आसपास माणसे. वाडीला गाडीरस्ता नव्हता, पायथ्यापासून पायीच चढून जावे लागे. त्यामुळे माती उपसणारी यंत्रे वर नेता आली नाहीत, खराब हवेमुळे हेलिकॉप्टरचाही उपयोग झाला नाही. जवानांनी, गिर्यारोहकांनी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी कुदळ-फावड्यांनी चिखल उपसला. मदतीसाठी ती चढण चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसांचा पत्ताच लागला नाही, आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी शासनाने विधिमंडळात माहिती दिली, की इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते.

या वाक्याचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येतो. यादी करणाऱ्यांनी हलगर्जी केली, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. दुसरा अर्थ अधिक अस्वस्थ करणारा आहे. यादी काळजीपूर्वक केली असती, तरीही अशी एखादी वाडी तिच्यातून सुटलीच असती; कारण आपण ज्या रीतीने धोका मोजतो, त्या रीतीतच अशा वाड्या निसटून जाण्यासारखी भोके आहेत. ही भोके कुठे आहेत आणि ती बुजवता येतील का, हे पाहायला रायगडसारखा दुसरा जिल्हा नाही.

समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंत

१९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. पश्चिमेला अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनचा किनारा; पूर्वेला कर्जत, खालापूरपासून महाड, पोलादपूरपर्यंत सह्याद्रीची उभी भिंत; आणि या दोहोंच्या मध्ये खाड्या, भाताची खाचरे, कारखाने आणि महामार्ग. किनाऱ्यावर ‘वाडी’ म्हटले, की नारळी-पोफळीची बाग डोळ्यांपुढे येते. डोंगरात ‘वाडी’ म्हणजे पाच-पन्नास घरांची वस्ती. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ, आणि दोन्ही वाड्यांवर येणारी संकटेही वेगळी.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर येऊन धडकले. श्रीवर्धन-मुरूडच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब पडून कितीतरी गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात. एका दुपारी पडलेली बाग म्हणजे एका कुटुंबाची तेवढ्या वर्षांची मिळकत. पण माणसे फारशी दगावली नाहीत. वादळ येत असल्याचे आधी कळले होते आणि किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना आधीच हलवले होते.

त्यानंतर वर्षभराहून थोड्या अधिक काळाने, २२ जुलै २०२१ रोजी, महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी आणि त्या रात्री महाबळेश्वरवर अक्षरशः आभाळ फाटले होते. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत तिथे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री हे पाणी घेऊन महाडवर आली. शहर बुडाले, रस्ते तुटले, फोन बंद पडले. त्यामुळे वर तळीयेत दरड पडल्याची बातमी खाली यायला उशीर झाला आणि खालून मदत वर जायला त्याहून अधिक. बचाव पथके पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता.

याच महाड तालुक्यात २५ आणि २६ जुलै २००५ रोजी जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे मरण पावली होती. २६ जुलै म्हटले, की आपल्याला मुंबई आठवते, सांताक्रूझला चोवीस तासांत पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. जुई मात्र जुईच्या माणसांनाच आठवते. पुढे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. बसगाड्या आणि इतर काही वाहने गेली.

हा सगळा हिशेब एकत्र मांडला म्हणजे पहिले भोक दिसते. जिल्ह्याच्या आराखड्यात पूर, दरड, वादळ, भूकंप, आग यांची प्रकरणे स्वतंत्र असतात. संकटे मात्र प्रकरणे पाहून येत नाहीत. तळीयेची दरड आणि महाडचा पूर एकाच पावसाने घडवला, आणि पुराने दरडग्रस्तांची वाट अडवली. दरडीच्या रकान्यात ‘मदत तालुक्याच्या ठिकाणाहून’ असे लिहिलेले असेल, तर तालुक्याचे ठिकाणच पाण्यात असताना काय करायचे, हेही त्याच कागदावर असायला हवे.

धोका वेगळा, जोखीम वेगळी

मराठीत आपण ‘धोका’ आणि ‘जोखीम’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. आपत्तीशास्त्रात मात्र त्यांच्यात फरक केला जातो, आणि तो फरक समजून घेण्यासारखा आहे. निसरडा डोंगर हा धोका. त्या डोंगराखाली कोणी राहत नसेल, तर तो कोसळला तरी बातमीसुद्धा होत नाही. त्याच्या पायथ्याशी वस्ती आली, की जोखीम जन्माला येते. मग ती वस्ती किती मोठी, घरे कशाची, माणसे कोण, निघायला वाट आहे का, रात्र आहे की दिवस, यावर जोखीम वाढते किंवा कमी होते. धोका निसर्ग ठरवतो. जोखमीचा बराचसा भाग आपण ठरवतो.

याचा सर्वांत कठोर धडा महाराष्ट्राला रायगडात नाही, मराठवाड्यात मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारी परिसराला भूकंपाचा धक्का बसला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत हजारो माणसे झोपेतच गेली. त्या वेळी प्रचलित असलेल्या भूकंपनकाशात देशाचे पाच विभाग केलेले होते आणि किल्लारीचा भाग त्यांपैकी पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ साली सुधारलेल्या नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला. म्हणजे नकाशा दुरुस्त झाला, पण आधी भूकंप झाला आणि मग नकाशा बदलला.

धक्का सुमारे ६.२ तीव्रतेचा होता. जगात याहून मोठे भूकंप दर वर्षी होतात आणि त्यातल्या कित्येकांत एकही माणूस मरत नाही. किल्लारीत माणसे मेली ती घरांमुळे. दगड आणि मातीत रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर मातीचा भार असलेले माळवद. उन्हाळ्यात गार राहणारे, चोरापासून सुरक्षित आणि चार लोकांत प्रतिष्ठेचे असे हे घर. ज्याची ऐपत मोठी, त्याची भिंत जाड. गावाबाहेरच्या कुडाच्या झोपड्यांतली माणसे मात्र पुष्कळ ठिकाणी वाचली, कारण अंगावर पडायला वजनच नव्हते. त्या एका पहाटेपुरता गरिबी-श्रीमंतीचा हिशेब उलटा झाला होता.

आदल्या वर्षी, १९९२ साली, किल्लारी परिसराला लहान धक्के बसले होते. जमिनीने सूचना दिली होती. नकाशा मात्र निर्धास्त होता.

किल्लारी आणि इर्शाळवाडी यांच्यात तीस वर्षांचे अंतर आहे. एकीकडे भूकंप, दुसरीकडे दरड. एकीकडे सपाट काळी जमीन, दुसरीकडे उभा कडा. पण दोन्ही ठिकाणी कागद म्हणत होता, ‘इथे काळजीचे कारण नाही.’

डोंगर सुटतो कसा

सह्याद्री हा लाव्हाच्या थरांचा डोंगर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेला तप्त रस एकावर एक थर देत पसरत गेला आणि थंड होऊन काळा कातळ झाला. घाटातून जाताना डोंगराच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्या. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या, मऊ मातीचा पट्टा असतो. कातळाला भेगा असतात. वरचा कातळ ऊन-पावसाने कुजून त्याचा मुरूम आणि माती होते, आणि ही माती उतारावर खालच्या टणक दगडाला धरून बसलेली असते.

ती बसलेली असते तोवर ठीक. कोरड्या वाळूचा किंवा धान्याचा ढीग करून पाहा, तो एका ठराविक उतारावर थांबतो. दाण्याला दाणा अडून राहतो. मातीचेही तसेच. तिच्यात थोडे पाणी मुरले, तर ती उलट घट्ट धरते. पण पाणी इतके मुरले, की दोन कणांमधली सगळी पोकळी भरली आणि निचऱ्याला वाव उरला नाही, तर ते पाणीच कणांना एकमेकांपासून दूर रेटू लागते. पकड सुटते, वजन मात्र वाढलेले असते. अशा वेळी आख्खा उतार एखाद्या द्रवासारखा खाली येतो. त्याच्या वाटेत सापडलेल्या घरातल्या माणसांना उठून दारापर्यंत येण्याइतकाही अवधी मिळत नाही.

इर्शाळवाडीच्या परिसरात दुर्घटनेपूर्वीच्या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला, असे शासनाने सांगितले. मिलिमीटरचा आकडा आपल्या डोळ्यांपुढे काही उभे करीत नाही, म्हणून तो गुंठ्यांत मांडून पाहू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने ४९९ मिलिमीटर म्हणजे एका गुंठ्यावर पन्नास हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. एका एकरावर दोनशे टँकर. माणदेशात साऱ्या वर्षात जवळजवळ एवढाच पाऊस पडतो. इथे तो तीन दिवसांत एका डोंगरावर ओतला गेला.

अर्थात, कोकणात असा पाऊस नवा नाही. शेकडो उतार तो दर वर्षी पचवतात. मग हाच उतार या वर्षी का सुटला? त्याचे उत्तर पुष्कळदा एका पावसात सापडत नाही. आधीच्या आठवड्यांत मुरलेले पाणी, वर्षानुवर्षे रुंदावत गेलेल्या भेगा, रस्त्यासाठी किंवा घरासाठी कापलेला पायथा, पाण्याच्या जुन्या वाटेवर पडलेला भराव, अशी किती तरी कारणे साठत येतात. झाडे तोडल्याने उतार कमजोर होतो हे खरे. पण झाडांची मुळे वरचा मीटर-दोन मीटरचा थरच बांधून ठेवतात. त्याच्या खालून सरकणाऱ्या डोंगराला जंगल थोपवू शकत नाही. म्हणून ‘आमच्याकडे झाडी आहे, आम्हाला भीती नाही’ हा दिलासाही अर्धाच खरा आहे.

नकाशावर मावेल एवढे गाव

दरडींचा अभ्यास आपल्याकडे होत नाही, असे मुळीच नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ सालापासून देशातल्या डोंगराळ भागाचे दरडप्रवणता नकाशे करण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि सुमारे सव्वाचार लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश त्यात आणला. ‘इस्रो’च्या हैदराबादच्या केंद्राने २०२३ साली दरडींचा राष्ट्रीय नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल २०११ सालीच आला होता. त्यावर वाद पुष्कळ झाले आणि तो वाचला गेला त्याहून जास्त नाकारला गेला. तेव्हा ज्ञानाची वानवा आहे, असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो मापाचा.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे हे नकाशे एकास पन्नास हजार या प्रमाणावर आहेत. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. पन्नास घरांची वाडी या नकाशावर ज्वारीच्या दाण्याएवढी होते. तालुक्यातला कोणता डोंगर कच्चा, हे सांगायला हा नकाशा उत्तम. कोणते घर हलवायचे, हे सांगण्यासाठी तो केलेलाच नाही. एखाद्याने राज्याचा रस्ते-नकाशा घेऊन सदाशिव पेठेतला वाडा शोधायला निघावे, तसे ते होईल.

दुसरी गोष्ट, हा नकाशा उतार कुठे सुटू शकतो ते सांगतो. सुटलेला राडा कुठवर वाहत जाईल, ते त्यात नसते. वरचा उतार लाल रंगात असतो, आणि पायथ्याची सपाट जागा, जिथे माणसे साहजिकच घरे बांधतात, ती नकाशावर निर्धोक दिसते. दरड मात्र वर सुटते आणि खाली येऊन थांबते.

तिसरी अडचण यादीची. आपली सरकारी यादी महसुली गावांची असते. एका महसुली गावाला चार-पाच वाड्या, एक मैलभर लांब, एक नदीपलीकडे, एक डोंगराच्या अर्ध्यावर. ‘गाव धोक्यात नाही’ हे वाक्य मूळ गावठाणापुरते अगदी खरे असू शकते, आणि तरीही त्याच गावाची डोंगरातली वाडी मरणाच्या दाढेत असू शकते. अशा वाड्या बहुधा ठाकर, कातकरी, धनगर समाजांच्या असतात. त्यांची जमीन पुष्कळदा वनखात्याच्या नावावर, म्हणून पक्का रस्ता नाही. रस्ता नाही म्हणून अधिकारी क्वचित येतात. अधिकारी येत नाहीत म्हणून कागदावर नोंद पुसट. धोका जिथे सर्वांत जास्त, तिथली नोंद सर्वांत कमी, अशी ही साखळी आहे.

पावसाचेही तेच. पर्जन्यमापक बहुधा मंडलाच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी असतो, आणि डोंगरावर पडणारा पाऊस खालच्या पावसापेक्षा कितीतरी वेगळा असतो. खाली शंभर मिलिमीटरची नोंद असताना वर दोनशे पडलेला असू शकतो, आणि कोसळायचे असते वरच्याला.

वाडीला काय माहीत असते

मग उपाय काय? प्रत्येक वाडीत भूवैज्ञानिक नेऊन बसवणे शक्य नाही. पण प्रत्येक वाडीत डोंगराकडे रोज पाहणारी माणसे आहेत, आणि डोंगर सुटण्यापूर्वी पुष्कळदा काही खुणा दाखवतो. जमिनीला नवी भेग पडते आणि ती रुंदावत जाते. सरळ उभे असलेले झाड किंवा विजेचा खांब कलतो. भिंतीला तडे जातात, काल लागणारे दार आज चौकटीत अडकते. नेहमीचा झरा अचानक गढूळ होतो, किंवा जिथे कधी पाणी नव्हते तिथून पाझर फुटतो. भर पावसात ओढ्याचे पाणी एकाएकी कमी झाले, तर ती समाधानाची गोष्ट नसून वर कुठेतरी राडा अडकल्याची खूण असू शकते. या खुणा गुराख्याला आणि पाण्याला जाणाऱ्या बाईला सर्वांत आधी दिसतात. त्या कोणाला सांगायच्या आणि सांगितल्यावर तो माणूस काय करील, एवढेच ठरलेले नसते.

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक डोंगरी गावात एक दिवस शिवारफेरी काढावी. बरोबर तलाठी असावा, जमल्यास भूगोलाचा एखादा प्राध्यापक किंवा भूशास्त्राचे विद्यार्थी असावेत. पण पुढे चालावे ते गावातल्या जाणत्या माणसांनी. मागे माती कुठे सुटली होती, कोणत्या अंगाला जुनी माणसे घर बांधू देत नसत, पाण्याची मूळ वाट कोणती होती आणि आता तिच्यावर काय उभे आहे, हे त्यांना विचारावे. मग घरांकडे वळावे. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कुठे बाळंतीण आहे, कोणाचा कर्ता मुलगा मुंबईला आहे, रात्री वीज गेली तर कोणत्या वाटेने निघायचे आणि ती वाट ओढा ओलांडते का. हा सगळा तपशील शाळेच्या एका फळ्यावर मावतो. कोणत्याही उपग्रहाला तो दिसत नाही.

आणि शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक असावा. सरळ उभ्या कडांचे, वर-खाली सारख्याच रुंदीचे भांडे झाड आणि छपरापासून दूर उघड्यावर ठेवले आणि सकाळी पट्टीने पाण्याची उंची मोजली, तरी कामापुरता अंदाज येतो. पाचवीतला मुलगाही ते करू शकतो. हवामान खाते चोवीस तासांतल्या ६४.५ मिलिमीटरपासूनच्या पावसाला जोरदार, ११५.६ पासूनच्या पावसाला अति जोरदार आणि २०४.४ च्या वर गेलेल्या पावसाला अत्यंत जोरदार म्हणते. आपल्या वाडीने किती मिलिमीटरला घर सोडायचे, ती रेघ तज्ज्ञांनी मातीचा आणि उताराचा अभ्यास करून ठरवून द्यावी. रेघ ओलांडली गेली की नाही, हे मात्र वाडीने स्वतः पाहावे. अलिबागहून फोन येण्याची वाट पाहत बसू नये. त्या रात्री फोन लागेलच, याची खात्री नसते.

घर सोडण्याची किंमत

यातला सर्वांत अवघड भाग इथून पुढे सुरू होतो. रेघ ओलांडली, घर सोडायचे ठरले, आणि काहीच झाले नाही तर?

बहुतेक वेळा काहीच होणार नाही. हे आधीच मान्य केले पाहिजे. पावसाळ्यात तीन वेळा वाडी खाली उतरली आणि तिन्ही वेळा डोंगर जागच्या जागी राहिला, तर चौथ्या वेळी कोण उतरेल? शहरात बसून ‘हे लोक ऐकत नाहीत’ म्हणणे सोपे आहे. घर सोडणे म्हणजे काय, ते पाहा. गोठ्यातली जनावरे सोडून द्यायची की बरोबर घ्यायची? कोंबड्यांचे काय? कणगीतले भात भिजले तर वर्षभर खायचे काय? आवणीचे दिवस म्हणजे रोजगाराचे दिवस. तो बुडाला तर? शाळेच्या दोन खोल्यांत शंभर माणसे, संडास एक, त्यात तरण्याताठ्या मुली आणि लहान पोरे. एवढे सगळे सोसून सकाळी परत जायचे आणि शेजारच्या गावाने हसायचे.

ज्यांना आपण अडाणीपणा म्हणतो, ती पुष्कळदा ही रोखठोक बेरीज-वजाबाकी असते. ती बदलायची असेल, तर सूचना वाढवून भागणार नाही, घर सोडण्याचा खर्च कमी करावा लागेल. जनावरांसाठी खाली छप्पर आणि वैरण, धान्यासाठी कोरडी जागा, बायकांसाठी आडोसा आणि दिवे, बुडालेल्या रोजाची भरपाई. जिल्ह्याच्या खर्चात या गोष्टींची रक्कम मोठी नाही. एका मोठ्या दुर्घटनेनंतरच्या मदतीपेक्षा तर ती नक्कीच लहान आहे.

राहता राहिले हसणाऱ्यांचे. पीक पोटरीला आले, की शेतकरी मचाणावर रात्री काढतो. रानडुक्कर काही रोज येत नाही. दहा रात्री जागल्यावर एखाद्या रात्री येते. म्हणून उरलेल्या नऊ रात्रींची राखण फुकट गेली, असे गावात कोणी म्हणत नाही. पिकासाठी जो हिशेब आपल्याला सहज पटतो, तो माणसांसाठीही पटायला हवा.

कायमचे स्थलांतर हा शेवटचा उपाय, आणि तो दिसतो तितका सरळ नाही. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातले माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी गाडले गेले, १५१ माणसे गेली. गाव दिसेनासे झाल्याचे एस.टी.च्या चालकाच्या लक्षात आले आणि त्याने ते जगाला कळवले. नवे माळीण जवळच बांधले गेले, एप्रिल २०१७ मध्ये लोक राहायला आले, आणि जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात तिथली भरावाची जमीन खचली, रस्त्यांना भेगा पडल्या. नव्या जागेचीही जोखीम मोजावी लागते, एवढे तरी त्यावरून कळले. शिवाय घर हलवले तरी शेत, रान आणि पाणवठा तिथेच राहतो. नव्या घरापासून शेत तासाभरावर गेले, तर माणूस पावसाळ्यात शेतावरच्या खोपीत झोपू लागतो, आणि पुनर्वसन कागदावर उरते.

मे महिन्यातली एक सभा

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष त्याचे सहअध्यक्ष असतात, आणि जिल्ह्यातली कोणती ठिकाणे कोणत्या आपत्तीला बळी पडू शकतात, हे आराखड्यात नोंदवून त्याचा दर वर्षी फेरविचार करणे बंधनकारक आहे. म्हणजे यादी ही दर वर्षी नव्याने करायची गोष्ट आहे, मागल्या वर्षीच्या कागदावर तारीख बदलण्याची नाही. महाराष्ट्रात १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते. पावसाला तेव्हा महिना-दीड महिना असतो. त्या सभेत प्रत्येक वाडीने आपली फेरी, आपली भेग, आपला गढूळ झरा सांगावा आणि तो ठरावात नोंदवून घ्यावा. खालून आलेली ही नोंद वरून आलेल्या नकाशाशी ताडून पाहिली, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी वाडीसुद्धा यादीत दिसू लागेल.

मुंबई-पुण्याच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. यांतल्या कित्येकांचे गाव महाड-पोलादपुरात, माणगाव-म्हसळ्यात आहे. काहींनी कर्जत-खालापूरकडे डोंगर कापून पाडलेल्या प्लॉटवर शनिवार-रविवारचे घर घेतले आहे. तो पायथा कसा कापला, पाण्याची वाट कुठे वळवली, खाली कोणाची वस्ती आहे, हे विकणाऱ्याला विचारण्याचा हक्क आणि कर्तव्य त्यांचेच आहे. आणि ज्यांचे आई-वडील, काका-काकू अजून गावी आहेत, ते जुलैत फोन करून विचारतातच, ‘पाऊस कसा आहे?’ त्याच फोनवर आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: ‘आज रात्री झोपणार कुठे?’